पार्क अव्हेन्यूचा शेतकरी : ‘ग्रीन एकर्स’ बंद पडण्याचं प्रकरण

१९७०-७१ च्या हंगामात अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीची मंगळवारची संध्याकाळ अशी असायची: साडेसातला ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’, आठला ‘ग्रीन एकर्स’, साडेआठपासून तासभर ‘ही हॉ’. म्हणजे सलग दोन तास गाव, गोठा आणि बँजो. १२ जानेवारी १९७१ पासून या रांगेच्या शेवटी, साडेनऊला, एक नवी मालिका येऊन बसली, ‘ऑल इन द फॅमिली’. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं एक घर, त्यात आपल्या खुर्चीवरून हुकूम सोडणारा, काळ्यांपासून ज्यूंपर्यंत सगळ्यांना नावं ठेवणारा एक कामगार आणि त्याच्याशी रोज खटके उडणारा जावई. पहिल्या भागाआधी वाहिनीने पडद्यावर सावधगिरीची सूचना झळकवली होती. लोक चिडून फोन करतील म्हणून जादा ऑपरेटरही बसवले होते. फोन फारसे आलेच नाहीत.

साडेतीन महिन्यांनी, २७ एप्रिल १९७१ ला, ‘ग्रीन एकर्स’चा १७० वा आणि शेवटचा भाग लागला. त्याच हंगामाअखेर ‘हिलबिलीज’ गेली, ‘ही हॉ’ही गेली. मंगळवारच्या पंगतीत बसलेल्या तिघांची पानं उचलली गेली आणि नुकताच येऊन बसलेला पाहुणा तेवढा राहिला.

अमेरिकी टीव्हीच्या इतिहासात या घटनेला ‘रूरल पर्ज’ म्हणतात. आपण ‘गावठी मालिकांची झाडलोट’ म्हणू. ‘ग्रीन एकर्स’मध्ये लबाड हेनीचं काम करणारा नट पॅट बट्रम याने तिचं वर्णन करून ठेवलं आहे: ज्यात म्हणून झाड होतं ते सगळं सीबीएसने बंद केलं, अगदी ‘लॅसी’सुद्धा. ‘लॅसी’ ही कुत्रीची मालिका, हे लक्षात आलं की विनोद पुरता पोचतो.

हा विनोद इतका चपखल आहे की गेली पन्नासेक वर्षं त्यालाच कारणमीमांसा मानलं गेलं. शहरी साहेबांना गाव नकोसं झालं, त्यांनी गाव काढून टाकलं, विषय संपला. माझ्या मते हा हिशेब ‘हिलबिलीज’ला थोडाफार लागू पडतो, ‘ग्रीन एकर्स’ला नाही. ती मालिका गावाची नव्हतीच. ती शहरी माणसाची होती आणि तिच्या नायकासारखाच प्रेक्षक सीबीएस त्या वर्षी दिवा घेऊन शोधत होती.

हूटरव्हिलचं गणित

आधी मालिका काय होती ते नीट पाहायला हवं, कारण निर्णय घेणाऱ्यांनी नेमकं तेच केलं नसावं असा माझा संशय आहे.

ऑलिव्हर वेंडेल डग्लस हा न्यूयॉर्कमधला यशस्वी वकील. पार्क अव्हेन्यूच्या उंच इमारतीत माथ्यावरचं घर. बायको लिसा मूळची हंगेरियन, हिऱ्यांशिवाय आणि पिसांच्या झग्याशिवाय क्वचितच दिसणारी. ऑलिव्हरला आयुष्यभर एकच ध्यास, शेतकरी व्हायचं. एके दिवशी तो हूटरव्हिल नावाच्या गावी हेनीची पडीक जमीन आणि मोडकळीला आलेलं घर विकत घेतो, बायकोचं एक ऐकत नाही आणि तिला घेऊन तिथे राहायला जातो. (आपल्याकडे हे कथानक पहिल्याच भागात अडलं असतं. महाराष्ट्रात कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो मुळात शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. ऑलिव्हरचा सगळा जोश सातबाऱ्यापाशी संपला असता.)

पहिला भाग तर चक्क माहितीपटाच्या थाटात आहे. जॉन डेली हे खरेखुरे वृत्तनिवेदक गंभीर चेहऱ्याने सांगतात की अमुक एका वकिलाने असं असं केलं, आणि मग ऑलिव्हरला ओळखणाऱ्यांच्या मुलाखती होतात. वेडेपणाची बातमी बातमीच्या स्वरात सांगायची, ही मालिकेची पहिली चाल. पुढची सहा वर्षं तिने ती सोडली नाही.

ऑलिव्हर सूट, जाकीट, टाय अशा पूर्ण वेशात ट्रॅक्टर चालवतो. टेलिफोन कंपनीची तार घरापर्यंत पुरत नाही, म्हणून फोन खांबाच्या टोकालाच बसवलेला. तो वाजला की वकीलसाहेबांनी खांबावर चढायचं. घरात वीज जनित्रावरची. प्रत्येक उपकरणाला एक आकडा दिलेला आहे आणि एकाच वेळी चालू असलेल्या उपकरणांच्या आकड्यांची बेरीज सातच्या वर गेली की सगळं बंद पडतं. सकाळी कॉफी हवी असेल तर आधी बेरीज करायची. झोपण्याची खोली दुरुस्त करायला आलेले मन्रो बंधू सहा हंगामांत ती पुरी करत नाहीत. त्या दोन ‘बंधूं’पैकी एक बाई आहे आणि तिचं नाव राल्फ आहे. सरकारी कृषी सल्लागार हँक किंबल दर वाक्याला स्वतःचंच म्हणणं दुरुस्त करत जातो. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत आपण कशाबद्दल बोलत होतो हे त्याला आठवत नाही. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने अमेरिकेत जिल्ह्याजिल्ह्यांत असे सल्लागार नेमण्याची व्यवस्था उभी राहिली. त्या व्यवस्थेवर यापेक्षा प्रेमळ टीका मी पाहिलेली नाही.

झिफेल या निपुत्रिक जोडप्याचा मुलगा म्हणजे आर्नोल्ड नावाचं डुक्कर. तो शाळेत जातो, त्याला टीव्हीचं वेड आहे, तो काय म्हणाला हे अख्ख्या गावाला कळतं. कळत नाही ते फक्त ऑलिव्हरला.

इथे मालिकेची खरी गोम सापडते. ऑलिव्हर अमेरिकी शेतकऱ्याच्या थोरवीवर भाषण सुरू करतो: मातीत बी पेरणारे ते हात, सूर्याकडे झेपावणारं ते इवलंसं रोप. लगेच पार्श्वभूमीला बासरीवर देशभक्तीची धून वाजू लागते. भोवतालचे लोक इकडेतिकडे बघतात, हे कोण वाजवतंय म्हणून विचारतात. ऑलिव्हरला ती ऐकूच येत नाही. त्याच्या डोक्यातलं संगीत सगळ्या गावाला ऐकू येतं, त्याला मात्र नाही. शेतीवर प्रेम करणाऱ्या शहरी माणसाची याहून नेमकी थट्टा कुणी केली असेल तर मला माहीत नाही.

उलट लिसा. तिला हे गाव नको होतं. तिला स्वयंपाक येत नाही, ती ज्यांना ‘हॉट्सकेक्स’ म्हणते ते इतके चिवट होतात की ते इतर कामांनाही उपयोगी पडतात. पण हूटरव्हिलचं तर्कशास्त्र तिला पहिल्या दिवसापासून समजतं. कोंबड्यांशी बोलायचं असतं, डुकराला नमस्कार करायचा असतो, यात तिला काही वावगं वाटत नाही. ज्याला यायचं होतं तो सहा वर्षं पाहुणाच राहिला आणि जिला यायचं नव्हतं ती गावची झाली. एव्हा गॅबोर बुडापेस्टची होती. तिच्या उच्चारांमुळे लिसा कुठल्याच अमेरिकी गावाची किंवा शहराची वाटत नाही, ही निवड मालिकेला किती लाभली हे सांगायला नको.

मालिकेला आपण मालिका आहोत हेही ठाऊक होतं. निर्मात्या-दिग्दर्शकांची नावं कधी कोंबडीने घातलेल्या अंड्यांवर, कधी टॉवेलवर उमटायची. लिसा ती वाचायची आणि चकित व्हायची. एका भागात गावकरी नाटक बसवतात आणि ते नाटक असतं ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’, म्हणजे याच निर्मात्याची, याच वाहिनीवरची दुसरी मालिका. हे १९६० च्या दशकात, रात्री नऊच्या सुमारास, कुटुंबासमवेत पाहायच्या वेळी चाललं होतं.

हे सगळं कुठून आलं

जे सॉमर्स या लेखकाने १९५० च्या उन्हाळ्यात सीबीएस रेडिओवर ‘ग्रॅनबीज ग्रीन एकर्स’ नावाची छोटी श्रुतिका-मालिका केली होती. शहर सोडून शेतावर गेलेल्या कुटुंबाचीच गोष्ट. ती उन्हाळ्यापुरतीच चालली. पुढे पॉल हेनिंगने १९६२ मध्ये ‘हिलबिलीज’ आणली आणि ती पहिली दोन वर्षं देशात पहिल्या क्रमांकावर राहिली. १९६३ ची त्याची ‘पेटिकोट जंक्शन’ही चालली. त्यानंतर वाहिनीने त्याला तिसरी मालिका कर म्हणून सांगितलं, तेही नमुना भाग न मागता. टीव्हीच्या धंद्यात नमुना न बघता अर्धा तास देणं म्हणजे कोरा चेक. हेनिंगने सॉमर्सला पुढे केलं. सॉमर्स आणि डिक शेव्हिलाट यांनी बहुतेक भाग लिहिले, रिचर्ड बेअरने जवळजवळ सगळे दिग्दर्शित केले. १५ सप्टेंबर १९६५ ला मालिका सुरू झाली. ऑलिव्हर झाला एडी अल्बर्ट, दुसऱ्या महायुद्धात तारावाच्या लढाईत शौर्यपदक मिळवलेला, खासगी आयुष्यातही माती आणि पर्यावरणाचा खरा प्रेमी. गडीमाणूस एबचं काम करणारा टॉम लेस्टर तर मिसिसिपीतल्या शेतावरच वाढला होता.

हेनिंगच्या तिन्ही मालिका एकमेकींच्या शेजारणी. सॅम ड्रकरचं किराणा दुकान ‘पेटिकोट जंक्शन’मध्येही आहे आणि ‘ग्रीन एकर्स’मध्येही. ही शेजारसंगत सुरुवातीला फायद्याची ठरली. शेवटी तीच नडली.

मोजमाप बदललं

१९६० च्या दशकात वाहिनीचा व्यवहार सोपा होता: जास्तीत जास्त घरं गोळा करा आणि ती जाहिरातदाराला विका. नील्सन कंपनीचं यंत्र देशभरातल्या सुमारे १,२०० घरांतल्या टीव्हींना जोडलेलं असायचं. कुठली वाहिनी किती वेळ लागली हे त्यावरून कळायचं. समोर कोण बसलंय हे यंत्राला कळायचं नाही. त्यासाठी वेगळ्या घरांना वह्या दिल्या जायच्या, कुणी काय पाहिलं, वय काय, हे त्यात भरायचं. या वह्यांमधली माहिती जसजशी जाहिरातदारांच्या हाती पडू लागली तसतसा प्रश्न बदलत गेला. ‘किती’च्या जागी ‘कोण’ आलं. १८ ते ४९ वयाचे, मोठ्या शहरांतले, हातात पैसा खेळणारे लोक किती? नील्सनने जिल्ह्यांचेही वर्ग पाडले होते. ‘ए’ म्हणजे बड्या महानगरांचे, ‘डी’ म्हणजे अगदी ग्रामीण. ‘डी’ जिल्ह्यातल्या साठीच्या आजीचं घर पूर्वी मॅनहॅटनमधल्या तिशीच्या बाईच्या घराइतकंच मोलाचं होतं. आता राहिलं नाही.

या बदलाची जाहीर आरोळी ठोकली ती एनबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीच्या पॉल क्लाइनने. १९६९-७० मध्ये सीबीएसचे कार्यक्रमप्रमुख माइक डॅन यांनी शेवटच्या महिन्यांत खटपट करून एकूण प्रेक्षकसंख्येत एनबीसीला निसटतं मागे टाकलं. क्लाइनचं म्हणणं, तुम्ही जिंकलात ते चुकीचं खेळून, तुमचे प्रेक्षक म्हातारे आणि खेड्यातले, आमचे तरुण आणि शहरातले. हरलेल्याने स्पर्धेचे नियम नव्याने सांगायचे हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. पण जाहिरातदारांना ते पटलं.

सीबीएसच्या आत रॉबर्ट वूड यांना ते आधीच पटलेलं होतं. १९६९ मध्ये ते वाहिनीचे अध्यक्ष झाले. त्याआधी ते सीबीएसच्या मालकीच्या केंद्रांचा कारभार पाहत. देशभर दोनशेच्या आसपास स्थानिक केंद्रं सीबीएसचे कार्यक्रम दाखवत, पण कंपनीच्या थेट मालकीची केंद्रं फक्त पाच: न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, फिलाडेल्फिया आणि सेंट लुइस. त्यांची कमाई थेट कंपनीच्या खिशात. पाचही महानगरं. देशभरात अव्वल ठरणारी मालिका न्यूयॉर्कमध्ये मागे पडत असेल, तर वूड यांच्या दृष्टीने तो अव्वल नंबर अर्धाच कामाचा. ‘रूरल पर्ज’बद्दल बोलताना लोक शहरी नाकाच्या शेंड्याची गोष्ट सांगतात, मला हा मालकीचा तपशील जास्त बोलका वाटतो.

त्यात दोन सरकारी निर्णयांची भर पडली. २ जानेवारी १९७१ पासून रेडिओ-टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली आणि वाहिन्यांचं एक मोठं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. शिवाय रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या दळणवळण आयोगाने १९७० मध्ये नियम केला की मोठ्या बाजारपेठांत संध्याकाळचा अर्धा तास वाहिन्यांनी स्थानिक केंद्रांना सोडायचा. अंमल १९७१ च्या शरद हंगामापासून. म्हणजे वाहिन्यांकडची जागाच कमी होणार होती. काहीतरी काढावं लागणारच होतं. प्रश्न फक्त कोणाला, एवढाच.

निर्णय

माइक डॅन यांचा जुन्या मालिका काढायला विरोध होता. १९७० मध्ये ते सीबीएस सोडून ‘सेसमी स्ट्रीट’ बनवणाऱ्या संस्थेत गेले. त्यांच्या जागी फ्रेड सिल्व्हरमन आले, वय ३२. याच माणसाने विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंध लिहिला होता तो एबीसी वाहिनीच्या कार्यक्रमांच्या आखणीवर. पुढे सगळा दोष आणि सगळं श्रेय त्यांच्याच नावे लिहिलं गेलं. पण दिशा वूड यांची होती आणि त्यावर कंपनीचे सर्वेसर्वा विल्यम पेली यांची मान्यता होती. १९७० मध्येच रेड स्केल्टन आणि जॅकी ग्लीसन या विनोदवीरांचे कार्यक्रम आणि ‘पेटिकोट जंक्शन’ बंद झाले होते. १९७१ ची यादी मोठी: ‘हिलबिलीज’, ‘ग्रीन एकर्स’, ‘मेबेरी आरएफडी’, ‘ही हॉ’, ‘लॅसी’, जिम नेबर्सचा कार्यक्रम, ‘होगन्स हीरोज’ आणि २३ वर्षं चाललेला एड सलिव्हनचा कार्यक्रमसुद्धा.

या यादीकडे सावकाश पाहिलं तर बट्रमचा विनोद डगमगायला लागतो. एड सलिव्हनच्या न्यूयॉर्कमधल्या रंगमंचावर कुठलं आलंय झाड? ‘होगन्स हीरोज’ जर्मनांच्या ताब्यातल्या युद्धकैद्यांच्या छावणीतली. यादीचा समान धागा गाव नव्हता. धागा होता प्रेक्षकांचं वय आणि पत्ता. ज्यांत गाव होतं त्या मालिका जास्त दिसल्या, कारण सीबीएसकडे त्या जास्त होत्या.

आता ‘ग्रीन एकर्स’चं पान वेगळं काढून बघू.

सीबीएसच्या बाजूने बोलायचं तर ‘मेबेरी’ आणि ‘ही हॉ’ पहिल्या वीसांत असताना काढल्या गेल्या, त्यावर हळहळायला जागा आहे. ‘ग्रीन एकर्स’ तशी नव्हती. पहिली चार वर्षं ती पहिल्या वीसांत होती, दुसऱ्या वर्षी तर सहाव्या क्रमांकावर. १९६९ नंतर ती घसरली आणि पहिल्या तिसांतूनही बाहेर गेली. सहावं वर्ष, वाढता खर्च, उतरता आलेख. कुठल्याही कार्यक्रमप्रमुखाने, प्रेक्षक तरुण असोत की म्हातारे, इथे कात्री उचलली असती. बनवणाऱ्यांनाही वारं कळलं असावं. शेवटचे दोन भाग म्हणजे मालिकेच्या आडून घुसवलेले दुसऱ्याच संभाव्य मालिकांचे नमुने होते. शेवटच्या भागात कथा ऑलिव्हरच्या जुन्या सेक्रेटरीची आहे आणि शेत जेमतेम दिसतं. दोन्ही नमुन्यांतून पुढे काहीच निघालं नाही आणि ‘ग्रीन एकर्स’ला निरोपाचा भागही मिळाला नाही.

म्हणजे निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. चूक त्याच्या आधी झाली, मालिकेवर चिठ्ठी चिकटवताना.

सीबीएसने ‘ग्रीन एकर्स’ पाच वर्षं ‘हिलबिलीज’ची धाकटी बहीण म्हणून वागवली. त्याच निर्मात्याची, त्याच चालीची, त्याच संध्याकाळी, तिच्या पाठोपाठ. ‘हिलबिलीज’ला जे प्रेक्षक बसलेले असत तेच पुढच्या अर्ध्या तासाला वारसाहक्काने मिळत. पण दोन्ही मालिकांचं व्याकरण उलटं होतं. ‘हिलबिलीज’मध्ये साधी गावकरी माणसं शहरात येतात आणि शहर खोटं ठरतं, हे कुठल्याही गावात आवडणार. ‘ग्रीन एकर्स’मध्ये शिकलेला शहरी माणूस आपला आदर्शवाद घेऊन गावात येतो आणि वास्तव त्याला दाद देत नाही. त्याच्याभोवतीचं जग शुद्ध विसंगतीवर चालतं आणि आपण एकटेच शहाणे आहोत या समजुतीने तो हळूहळू वेडा होत जातो. ही गंमत कोणासाठी आहे? १९७० चा तिशीतला, पदवीधर, नोकरीला वैतागलेला शहरी प्रेक्षक तिच्यासाठी अगदी नेमका. त्या वयाच्या लोकांना रात्री आठला, बँजोच्या दोन तासांत, ही मालिका सापडणार कशी? ते ती लावणारच नाहीत, मग वहीत त्यांची नोंद होणार नाही, मग आकडे सांगणार की ही म्हाताऱ्यांची मालिका. आधी जागा ठरवली आणि मग जागेने प्रेक्षक ठरवला.

काळाकडे पाहिलं तर हे आणखी खुपतं. १९७० पर्यंत अमेरिकेत शेतावर राहणारी माणसं सुमारे ९७ लाख उरली होती, लोकसंख्येच्या ५ टक्क्यांहूनही कमी. १९४० मध्ये ती ३ कोटींवर होती. म्हणजे ‘शेतकऱ्यांची मालिका’ म्हणून ती खऱ्या शेतकऱ्यांवर कधीच चालली नसती. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शेत सोडलेलं होतं किंवा त्यांच्या आईवडिलांनी. त्याच सुमारास उलटी वाटही सुरू झाली होती. शहरातली, शिकलेली, तरुण मुलं नोकऱ्या-कॉलेजं सोडून व्हरमाँटपासून कॅलिफोर्नियापर्यंत जमिनी घेऊन राहत होती, हातात १९६८ पासून निघणारा ‘होल अर्थ कॅटलॉग’. २२ एप्रिल १९७० ला पहिला वसुंधरा दिन झाला. (गंमत म्हणजे तो एडी अल्बर्टचा वाढदिवस.) शहर सोडून शेतावर जाणं हा त्या वर्षी तरुणांचा विषय होता आणि तो विषय सहा वर्षं दर आठवड्याला घोटणारी एकच मालिका सीबीएसकडे होती. अर्थात सूट घालून ट्रॅक्टरवर बसलेला पन्नाशीपुढचा वकील दाढीवाल्या मुलांना आपला वाटला असता असं छातीठोकपणे सांगता येत नाही. त्याची जिरते हे पाहायला मात्र आवडलं असतं.

काय करता आलं असतं? माझ्या मते एकच गोष्ट, तीही १९७१ मध्ये नव्हे. १९६८-६९ मध्ये, आकडे शाबूत असताना, तिला ‘हिलबिलीज’च्या पंक्तीतून उठवून शहरी मालिकांच्या शेजारी बसवायचं. सप्टेंबर १९७० ला ‘मेरी टायलर मूर शो’ सुरू झाला, तो शेजार तिला शोभला असता. १९७१ मध्ये ते करणं म्हणजे वरात निघून गेल्यावर घोडा आणणं.

पुढे काय झालं

व्यवहार म्हणून सीबीएसचा डाव यशस्वी झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘ऑल इन द फॅमिली’ सलग पाच वर्षं देशात पहिली राहिली. १९७२ मध्ये ‘मॅश’ आली. सीबीएसचं पहिलं स्थान टिकलं ते १९७६ मध्ये एबीसीने हिसकावेपर्यंत. तेव्हा एबीसीचे कार्यक्रम कोण ठरवत होतं? १९७५ मध्ये तिकडे गेलेले फ्रेड सिल्व्हरमन.

पण गाव काही गेलं नाही. सप्टेंबर १९७२ मध्ये याच सीबीएसने ‘द वॉल्टन्स’ सुरू केली, व्हर्जिनियाच्या डोंगरातलं, मंदीच्या काळातलं कुटुंब, जिकडे पाहावं तिकडे झाडं. ती नऊ हंगाम चालली. ‘ही हॉ’ने वाहिनीला रामराम ठोकून थेट स्थानिक केंद्रांना कार्यक्रम विकायला सुरुवात केली आणि पुढची वीस वर्षं नवे भाग काढले. ज्या सरकारी नियमाने वाहिन्यांचा अर्धा तास गेला, त्या रिकाम्या अर्ध्या तासाला कार्यक्रम हवेच होते. ‘लॅसी’ही त्याच वाटेने दोन वर्षं जगली. ‘ग्रीन एकर्स’ला ते जमण्यासारखं नव्हतं. गाणी-चुटक्यांचा कार्यक्रम स्टुडिओत स्वस्तात होतो. फिल्मवर चित्रित होणारी, डुक्कर आणि ट्रॅक्टर सांभाळणारी मालिका होत नाही. तिच्याकडे होते १७० तयार भाग, रोज एक दाखवायला भरपूर. पुनःप्रक्षेपणांत, पुढे ‘निक अ‍ॅट नाइट’सारख्या केबल वाहिनीवर रात्री उशिरा, तिला तो तरुण शहरी प्रेक्षक भेटला. पंधरा-वीस वर्षं उशिरा. अंड्यावरची नावं पाहून ते हसले, आणि ही मालिका आपल्या काळाच्या पुढे होती असं लिहू लागले.

आपल्याला तिचा पत्ताच नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, तोवर हूटरव्हिल बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. मी तिचे भाग इंटरनेटवर, सुट्या-सुट्या तुकड्यांत पाहिले. पण मोजमापाची गोष्ट आपल्याकडेही झाली, उलट्या दिशेने. ऑक्टोबर २०१५ मध्ये टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने मोजणीत पहिल्यांदा खेड्यांतली घरं धरली आणि ज्यांची कुणी दखल घेत नव्हतं अशा, फुकट डिशवर दिसणाऱ्या वाहिन्या एकदम यादीत वर आल्या. प्रेक्षक आदल्या आठवड्यात होते तेच होते.

मे १९९० मध्ये सीबीएसवरच ‘रिटर्न टू ग्रीन एकर्स’ नावाचा दूरचित्रपट लागला. एडी अल्बर्ट ८४ वर्षांचा होता, एव्हा गॅबोर ७१. बट्रम होता, लेस्टर होता. कथेत एक बिल्डर हूटरव्हिलची जमीन लाटायला निघतो आणि ऑलिव्हर गाव वाचवायला उभा राहतो.